कॅन्सरनंतरची पाठदुखी

महोदय,

आमच्या वहिनींना सात वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला होता. त्यातून त्या बऱ्या झाल्या. गेल्या दिवाळीत पाठ दुखू लागली. फराळाला बसून दुखत असेल म्हणत महिनाभर मलम आणि गरम पाण्याची पिशवी झाली. आडवे झाले की कळ वाढे, म्हणून त्या रात्र बसून काढत. एका सकाळी पायातली चप्पल उंबऱ्यातच राहिली, पण त्यांना पत्ताच नाही! तेव्हा कुठे एमआरआय झाला. मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाबत होती.

‘आता पसरलाय, ऑपरेशन करून काय उपयोग?’ असे एका रुग्णालयात ऐकवले गेले. हा समज जुना आहे. २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या १०१ रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रियेने दाब काढून मग रेडिएशन दिलेल्यांपैकी ८४ टक्के चालू शकले, नुसत्या रेडिएशनवर ५७ टक्के. प्रत्येकाला ऑपरेशन लागतेच असे नाही, आणि मूळ रोगही त्याने जात नाही. पण स्वतःच्या पायांनी संडासला जाता येणे म्हणजे काय, ते घरच्यांना विचारा. वहिनींच्या मणक्यात दुसऱ्या शहरात स्क्रू-रॉड बसवले, पुढे रेडिएशन झाले. आज त्या काठी घेऊन अंगणात फिरतात.

एक सूचना. कॅन्सर रुग्णांच्या डिस्चार्ज कार्डावर ठळक मराठीत छापावे : पाठीची कळ रात्री वाढली, पाय बधिर किंवा लुळे वाटले, लघवी तुंबली, तर त्याच दिवशी या.

– एक वाचक, सातारा