घोण म्हणजे कीटक नव्हे

महोदय,
आपल्या पुरवणीतील पावसाळी जिवांवरील लेखात घोणीला ‘कीटक’ म्हटले असून तिच्यासोबत वाणी या सहस्रपाद जिवाचे छायाचित्र छापले आहे. कीटकांना पायांच्या तीनच जोड्या असतात. घोण शतपाद वर्गातील आहे. तिच्या शरीराच्या चालण्याचे पाय असलेल्या प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी असते, तर वाणीच्या बहुतेक खंडांना दोन. वाणी कुजका पालापाचोळा खाते आणि घोण शिकार करते, म्हणून ही गल्लत किरकोळ मानता येत नाही.

स्कोलोपेंड्रा प्रजातीतील घोणींना सहसा पायांच्या २१ जोड्या असतात. शतपादांच्या प्रौढ जोड्यांची संख्या जवळजवळ नेहमीच विषम भरते, त्यामुळे नेमके शंभर पाय सहसा आढळत नाहीत. आपण जिला घोणीचा ‘चावा’ म्हणतो, तो वास्तविक दातांचा नसतो. धडाच्या पहिल्या जोडीतील पायांचेच विषारी नख्यांत रूपांतर झालेले असते. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील, स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये नाव दिलेली स्कोलोपेंड्रा जायगँटिया सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते, आणि व्हेनेझुएलातील एका गुहेत छताला लटकून तिने वटवाघळे धरून खाल्ल्याची नोंद २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. हीच शिकारी मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून, पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत त्यांची राखण करते, हे मला विशेष वाटते.

छायाचित्राची दुरुस्ती कृपया त्याच पुरवणीत छापावी.

आपला नियमित वाचक,
सावंतवाडी