हिरव्या दिव्याचे बारा सेकंद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, काठी घेऊन चालतात आणि औषधे आणायला त्यांना घराजवळचा मोठा चौक ओलांडावा लागतो. परवा मी त्यांच्यासोबत होते. पादचाऱ्यांचा दिवा हिरवा होताच आम्ही निघालो, तरी दुभाजक गाठतो न गाठतो तोच तो लुकलुकू लागला आणि उरलेला अर्धा रस्ता आम्ही झेब्रापट्ट्यांवर चाके टेकवून उभ्या असलेल्या दुचाकीस्वारांना हात दाखवत, जीव मुठीत धरून पार केला. दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन मी रस्त्याची रुंदी मोजली. ती साधारण साठ फूट, म्हणजे १८ मीटर भरली. हिरवा दिवा राहतो १२ सेकंद.

सिग्नलची वेळ ठरवताना पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने धडधाकट माणसालाही इथे १५ सेकंद लागतील, आणि सेकंदाला जेमतेम ०.८ मीटर चालणाऱ्या वृद्धेला २२ ते २३. म्हणजे इथे नियम पाळणाराही रस्त्याच्या मधोमध सापडतो. त्यात पादचाऱ्यांचा दिवा हिरवा होतो त्याच क्षणी डावीकडे वळणाऱ्या वाहनांनाही वाट मोकळी मिळते. वळताना चालकाचे लक्ष उजवीकडून येणाऱ्या वाहनांवर असते, आणि बस किंवा डंपरच्या डाव्या चाकाशी आलेला माणूस त्याला अनेकदा दिसतच नाही.

मी स्वतः गाडी चालवते, त्यामुळे चालकांची अडचणही मला ठाऊक आहे. सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगपाशी वेग कमी करून, गरज पडल्यास थांबून पादचाऱ्याला वाट द्यावी, असे वाहन चालवण्याबाबतचे केंद्राचे २०१७ चे नियम सांगतात. पण तसे थांबले की मागून हॉर्न सुरू होतात, मागची गाडी येऊन आदळण्याची धास्ती असते, आणि एखादा दुचाकीस्वार डावीकडून गाडी पुढे काढतो. मी थांबले म्हणून विश्वासाने पाऊल उचललेला माणूस नेमका त्याच्यासमोर येतो. गाडी चालवताना मला याच गोष्टीची सर्वांत जास्त भीती वाटते.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांत जवळपास दर पाचातला एक पादचारी होता. सुरक्षित पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले. पण पदपथ चौकाशी येऊन संपतो आणि पलीकडचा गाठायचा तर झेब्रापट्ट्यांवरूनच जावे लागते.

पादचाऱ्यांची वेळ वाढवली तर वाहनांच्या रांगा लांबतील, असे उत्तर मला तोंडी मिळाले. माझी मागणी फक्त आणखी १३ सेकंदांची आहे, आणि तीही सिग्नलच्या दोन मिनिटांच्या फेरीत. रांग थोडी लांबेल हे मला मान्य आहे. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा डावे वळण सुटण्याच्या चार-पाच सेकंद आधी लागावा आणि पुसट झालेली थांबरेषा झेब्राच्या मागे ठळक रंगवावी, ही कामे तर रस्ता न खोदता होतील.

तोवर सासूबाई हा रस्ता दोन हिरव्या दिव्यांत ओलांडतात. मधल्या वेळी दीड फूट रुंद दुभाजकावर रेलिंगला धरून त्या उभ्या राहतात आणि दोन्ही अंगांनी बस जातात. दुभाजकाची ती जागा तरी दोन माणसे नीट उभी राहू शकतील इतकी रुंद करून द्यावी, अशी संबंधितांना विनंती आहे.

आपली,
एक वाचक