आमच्या आजोबांची पेटी उघडून पाहणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सविनय नमस्कार.

आमच्या घरातील पेटी, म्हणजे हार्मोनियम, गोविंदराव टेंबे यांची नव्हती, असा निर्वाळा पेट्या दुरुस्त करणारे जाणकार म्हणून आपण दिलात आणि तेव्हापासून आपला विषय निघाला की आत्या पदर सावरून बसते. ज्या माणसाने घराचा इतक्या वर्षांचा अभिमान काढून घेतला त्याचे आभार कसले मानता, असे गावातल्या काही मंडळींनी मला विचारले. त्यांना तोंडी उत्तर देणे मला अजून जमत नाही, बोलायला लागलो की गळा दाटून येतो, म्हणून हे उघडे पत्र लिहीत आहे. आपले नाव आणि दुकानाचा पत्ता कुठेही देऊ नये ही आपली इच्छा मी पाळली आहे.

ज्यांना हकिकत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आमचे गाव पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आहे. विहिरीचे पाणी खारे, जमीन काळी, आणि सगळा भरवसा कापूस, तूर व हरभऱ्यावर. आजोबा कोरडवाहू शेतकरी होते आणि गावच्या भजनी मंडळात आयुष्यभर पेटी वाजवत. ही पेटी त्यांनी अकोल्याच्या एका कापूस व्यापाऱ्याकडून जुनी म्हणून विकत घेतली होती, आणि ती देताना व्यापाऱ्याने सांगितले होते की एका बंद पडलेल्या नाटक कंपनीच्या सामानात ती निघाली असून खुद्द गोविंदरावांनी ती वाजवलेली आहे. आजोबांनी ते मुलांना सांगितले, मुलांनी आम्हाला सांगितले.

नाव लहान नव्हते. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’च्या पदांना ज्यांनी चाली दिल्या, १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर ज्यांनी गंधर्व नाटक मंडळी उभी केली, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात ज्यांनी हरिश्चंद्राची भूमिका केली आणि ज्यांच्या हातात पेटी साथीपुरती न राहता मैफलीचे वाद्य झाली, ते हे गोविंदराव. त्या काळी नाटक कंपन्या वऱ्हाडात मुक्काम करीत, कापसाचा पैसा हाती असलेला रसिक त्यांना उदार आश्रय देई, आणि कंपनी बुडाली की ज्यांचे पैसे देणे असत त्यांच्या घरी तिचे सामान जाई. त्यामुळे व्यापाऱ्याने सांगितलेली गोष्ट कोणालाही पटावी अशीच होती.

गावच्या वाचनालयाने ही पेटी काचेच्या कपाटात ठेवायचे ठरवले आणि शेजारच्या फलकावर काय लिहायचे हा प्रश्न पुढे आला. आत्याचे म्हणणे एकच होते की जे खरे असेल ते लिहा, पण आधी खरे काय ते कोणाला तरी विचारा. आम्ही विचारायला निघालो, आणि त्या काळात जे अनुभव आले ते लिहिल्याशिवाय आपल्या वागण्याचे मोल वाचणाऱ्याला कळणार नाही.

मोठ्या शहरातल्या एका नामवंत जाणकारांनी मोबाइलवरची छायाचित्रे पाहून लगेच होकार दिला, पेटीतले सूर, म्हणजे हवेने वाजणाऱ्या आतल्या धातूच्या पात्या, पॅरिसचे असल्याचे छातीठोकपणे सांगितले, गोविंदरावांनी नागपूर आकाशवाणीवरून याच पेटीवर एकल वादन केले होते अशी भर घातली, आणि मग प्रमाणपत्राची रक्कम सांगितली. एका संस्थेतल्या अधिकाऱ्यांनी आम्हाला दारातूनच परत पाठवले. खेड्यापाड्यातून दर महिन्याला कोणी ना कोणी असा थोरामोठ्यांचा तंबोरा घेऊन येते, असे ते आपल्या सहकाऱ्याला आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, आणि त्या वेळी माझी वृद्ध आत्या मांडीवर पेटी घेऊन बाहेरच्या बाकावर उन्हात बसलेली होती. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी तर चांगली किंमत द्यायला तयार होता, फक्त टेंबे यांची हकिकत आम्ही सही करून लिहून द्यावी अशी त्याची अट होती. एकाने विकत हो म्हटले, दुसऱ्याने फुकट नाही म्हटले, तिसऱ्याला खऱ्याखोट्याशी कर्तव्यच नव्हते. पण पेटीचे झाकण उघडून आत पाहण्याची तसदी तिघांपैकी एकानेही घेतली नाही. मला त्याचा राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

आपण मात्र तालुक्याच्या गावाहून एसटीने आमच्या घरी आलात. जुनी पेटी प्रवासात हलवली तर भात्याची उरलीसुरली शिवण जाईल, म्हणून मीच येतो, असे आपण फोनवर म्हणाला होतात. ओसरीवर बसल्यावर आपण पहिला प्रश्न विचारलात तो ‘पेटी कोणाची?’ हा. मी उत्तर द्यायला तोंड उघडले तेव्हा आत्या आतून म्हणाली, “माह्या बाबाची.” त्यावर आपण माझ्याकडे न पाहता तिला म्हणालात, “मंग माय, तुमी इकडं जवळ बसा. मी खोलतो, तुमी पाहा.” आणि पिशवीतून बॅटरी काढून आपण तिच्या हातात दिलीत. “उजीड तुमीच धरा.”

काका, आमच्यावर आपले जे उपकार आहेत त्यांत माझ्या लेखी हा सर्वांत मोठा आहे. आत्याचा हात कापतो. उजेड सारखा पाटावरून, म्हणजे सूर बसवलेल्या आतल्या फळीवरून, घसरून भिंतीवर जात होता. मी दोनदा पुढे सरसावलो की बॅटरी मी धरतो, आणि दोन्ही वेळा आपण मानेनेच मला थांबवलेत. उजेड हलला की आपण हातातला पेचकस थांबवत होतात आणि तो परत जागेवर आला की काम पुढे सुरू करत होतात, पण बॅटरी तिच्या हातातून घेतली नाहीत. ज्या बाईला संस्थेच्या दारात कोणी आत बोलावले नव्हते, तिने तिच्या वडिलांच्या पेटीचा तपास स्वतः उजेड धरून करवून घेतला. त्या दुपारी आत्या जशी बसली होती तशी ताठ बसलेली मी तिला कित्येक वर्षांत पाहिलेली नाही.

आपण जे दाखवलेत ते तिलाच दाखवलेत, म्हणून मलाही समजले. सूर पॅरिसचे नसून गुजरातेतल्या पालिताण्याचे आहेत, हे आपण पहिल्या नजरेत ओळखलेत, पण तेवढ्यावर निकाल दिला नाहीत. जुन्या पेटीत नंतर नवे सूर बसवता येतात, आणि तसेच नव्या पेटीत जुने परदेशी सूरही बसवता येतात, म्हणून नुसत्या सुरांवरून पेटीचे वय सांगणारा माणूस घाईत असतो, असे आपण म्हणालात. मग आपण एकेका सुराच्या कडेची छिद्रे तपासलीत. सूर बदलले असते तर पाटाला जुन्या स्क्रूंची दुसरी छिद्रे दिसली असती. तशी ती कुठेही नव्हती, म्हणजे पाट आणि सूर एकमेकांसाठीच घडले होते. पुढे पाटावर चिकटवलेल्या कातड्याची एक कड सुटलेली होती, ती आपण हलकेच वर उचललीत, आणि तिच्याखाली लाकडावर पेन्सिलीने लिहिलेली देवनागरी अक्षरे निघाली. ती आपण वाचली नाहीत. “माय, काय लिव्हलं हाये, तुमी वाचा,” असे म्हणून आपण बाजूला झालात. आत्या चौथीपर्यंत शिकलेली आहे. तिने वाचले, “मुंबई, सन १९५८.”

तिथेही आपण थांबला नाहीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पेन्सिलीचा आकडा दुरुस्तीच्या वेळचाही असू शकतो, असे आपण स्वतःहून सांगितलेत. परंतु तो कातड्याच्या खाली होता, कातडे सुटण्यापूर्वी पुन्हा कधी उचलल्याची खूण नव्हती, आणि पाट, सूर व डबा एकमेकांशी जुळते होते. हे सर्व एकत्र धरले तेव्हा ही पेटी १९५८ च्या सुमारास घडली असे म्हणण्याइतका आधार मिळाला. गोविंदराव १९५५ साली गेले. त्यांच्या हाताला ही पेटी लागणे शक्यच नव्हते.

आकाशवाणीची गोष्ट तर आपण पेटी न उघडताही खोडून काढलीत. आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी केली आणि ती सैल झाली १९७१ मध्ये; नागपूरचे केंद्र सुरू झाले १९४८ ला. मग १९५५ साली वारलेल्या माणसाने तिथून पेटीचे एकल वादन केव्हा केले असेल? हे तीन आकडे ज्यांच्या व्यवसायाचा भाग असायला हवे होते त्यांनी पैसे मागितले, आणि ज्यांनी ते मनात बाळगले होते त्यांनी चहाशिवाय काही घेतले नाही.

हे सगळे झाल्यावर कोणीही माणूस माझ्याकडे वळून, घरातल्या कर्त्या पुरुषाला बाजूला नेऊन, हळू आवाजात निकाल सांगून मोकळा झाला असता. आपण तो आत्याला सांगितलात, तिच्यासमोर खाली बसून, तिच्याच बोलीत. “हे पेटी त्या मोठ्या मानसाची नोयती, माय. पन तुमच्या बाबानं खोटं नाई सांगतलं. त्यायले जसं सांगतलं तसं त्यायनं तुमाले सांगतलं.” आत्या काही वेळ काहीच बोलली नाही. मग तिने विचारले, “मंग वाजोली कोनं?” आणि आपण पट्ट्यांवर बोट ठेवलेत.

तो भाग मी कितीही वेळा आठवला तरी मला पुरत नाही. पांढरी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, तिच्या आसपासच्या पट्ट्या बोटांनी इतक्या झिजल्या आहेत की मध्ये खळगा पडला आहे, आणि खालच्या सप्तकातल्या पट्ट्या जवळजवळ नव्यासारख्या आहेत. मैफलीत वाजवणाऱ्याचा हात सगळ्या पेटीवर फिरतो. उंच स्वरात गाणाऱ्या भजनी मंडळाला साथ करणाऱ्याचा हात एका ठिकाणी वर्षानुवर्षे बसतो, असे आपण समजावून सांगितलेत. भात्याच्या पाठीमागची कडही डाव्या तळहाताच्या घामाने एकाच जागी काळी पडलेली आहे. सूर उतरले म्हणून टोकाशी आणि चढले म्हणून मुळाशी खरवडल्याच्या रेघा आपण दाखवल्यात आणि सांगितलेत की इतक्या वेळा सुरात आणलेली पेटी म्हणजे रोज वाजणारी पेटी. “हा तुमच्या बाबाचाच हात हाये,” असे आपण म्हणालात. एक मोठे नाव गेले आणि त्या जागी आमच्या आजोबांचे नाव आले, तेही कोणाच्या ऐकीव गोष्टीवरून नव्हे तर लाकडावरच्या पुराव्यावरून.

नाही म्हणणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. बँकेत, कचेरीत, बियाण्याच्या दुकानात, दवाखान्याच्या खिडकीवर आम्ही नाही ऐकतच मोठे झालो. समोरच्याचा मान न घालवता नाही म्हणता येते, त्यासाठी वेळ काढता येतो, आणि ज्याची वस्तू आहे त्याला आधी विचारता येते, हे मात्र मला आपल्याकडे पाहून कळले. आपल्या भागात अशी माणसे अजून आहेत. ती तालुक्याच्या गावी एखाद्या बोळात बसलेली असतात, त्यांच्या नावापुढे पदवी नसते, आणि हातातले काम खरे ठेवणे हीच त्यांची प्रतिष्ठा असते. त्यांच्याकडे आधी जावे, एवढे मी घरात जुने वाद्य असलेल्या प्रत्येकाला सांगेन. छायाचित्रावरून होकार देणाऱ्यावर आणि न पाहता नकार देणाऱ्यावर, दोघांवरही सारखाच अविश्वास ठेवावा. वाद्य त्या काळात घडले होते का हा एक प्रश्न आणि ते त्या माणसाकडे होते का हा दुसरा. पहिल्याचे उत्तर हो आले म्हणून दुसऱ्याचे आपोआप हो होत नाही, हेही आपणच आम्हाला शिकवलेत.

वाचनालयातला फलक आता लागला आहे. त्यावर पेटीच्या घडणीचे साल, पालिताण्याच्या सुरांचा उल्लेख आणि ‘भजनी मंडळातील वादक’ म्हणून आजोबांचे संपूर्ण नाव आहे. व्यापाऱ्याची हकिकत वगळावी असे काहींचे म्हणणे होते, पण आत्याने ती ‘अशी समजूत होती’ या शब्दांसह लिहायला लावली, आणि तिच्याखाली ती समजूत का टिकत नाही हे आपल्या चिठ्ठीतल्या चार ओळींत दिले आहे. चिठ्ठीवर आपण सही केली होती ती मात्र फलकावर घेतलेली नाही.

एक विनंती आहे. भात्याचे कापड बदलायला हवे असे आपण सांगितले होते. कपाटात नुसती ठेवून पेटी मरेल, ती कार्तिकातल्या काकड्याला वाजली पाहिजे, यावर आता मंडळाचे एकमत झाले आहे. कापूस वेचून हातात पैसे आले की आपल्याला निरोप पाठवतो. या वेळी कामाची मजुरी आणि एसटीचे भाडे आपल्याला घ्यावेच लागेल, आणि आत्याचा निरोप असा की बॅटरीचे सेल तिने नवीन आणून ठेवले आहेत.

आपला कृतज्ञ,
आजोबांचा नातू