एकच गाळा घे, विजू

कल्याण
१० ऑक्टोबर

प्रिय विजू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. नाशकात तीन गाळे भाड्यानं घ्यायचे, बँकेचं कर्ज काढायचं आणि दिवाळीच्या पाडव्याला तिन्ही दुकानांची शटरं एकाच दिवशी वर करायची, असं लिहिलंयस. शेवटी डीमार्टवाल्या राधाकिशन दमानींचं उदाहरण दिलंस. २०२१ मध्ये भावाबरोबर मलबार हिलला १००१ कोटींचा बंगला घेतला त्यांनी, तेही किराणा विकूनच की, म्हणालास. विजू, माणूस तू अगदी बरोबर निवडलास. पण तुला कळस दिसला, आणि मला गेले दोन दिवस त्याच्या पायाखेरीज दुसरं काही सुचत नाहीये.

दमानी दुकानदार झाले ते उशिरा. वडील दलाल स्ट्रीटवर. कॉमर्सचं शिक्षण वर्षभरात सोडून मुलगा बॉल बेअरिंगच्या धंद्यात पडला. वडील गेले तसा तो धंदा गुंडाळून भावाबरोबर शेअर दलालीत आला. हर्षद मेहताच्या दिवसांत दमानी मंदीवाल्यांच्या, म्हणजे भाव पडतील यावर पैसे लावणाऱ्यांच्या, गोटात होते. भाव रोज चढायचे आणि यांचा तोटा रोज फुगायचा. १९९२ मध्ये घोटाळा बाहेर आला, बाजार कोसळला, म्हणून निभावलं. वेळ आपल्या हातात नसली की बरोबर असलेला माणूसही बुडू शकतो, हे त्यांनी तिथं पाहिलं असणार. माझा आपला अंदाज. पुढचं त्यांचं वागणं बघितलं की तो पक्का होतो. चांगली कंपनी निवडायची आणि वर्षानुवर्षं धरून ठेवायची, हा त्यांचा खाक्या झाला. राकेश झुनझुनवालांसारखा बडा गुंतवणूकदार त्यांना गुरू म्हणायचा.

आता तुला आवडेल असं सांगतो. नायगावचं अपना बाजार आठवतं ना? गिरणी कामगारांनी १९४८ मध्ये उभी केलेली सहकारी संस्था. पगार झाला की आपल्या दोघांच्या आया कापडी पिशव्या घेऊन जायच्या, आपण मागून. माझी आई तूरडाळ तळहातावर घेऊन अंगठ्यानं चोळायची, तेल लावलेली आहे का बघायला, आणि मग दाणा दाताखाली धरायची. दमानींनी १९९९ मध्ये नेरुळला दुकान घेतलं ते याच अपना बाजारची फ्रँचायझी म्हणून! शेअर बाजारात एवढं कमावलेला माणूस, मनात आणता तर पहिल्याच दिवशी स्वतःच्या नावाची पाटी लावता. त्यांनी आधी दुसऱ्याच्या पाटीखाली धंदा शिकून घेतला. पवईला पहिलं डीमार्ट उघडलं ते २००२ मध्ये.

आणि जागा? शक्यतो विकत घ्यायची, नाहीतर लांब मुदतीच्या लीजवर. भाड्याच्या झगमगत्या मॉलमध्ये शिरायचं नाही. त्यासाठी एकदम मोठं भांडवल लागतं, दुकानं हळू वाढतात, पण दरवर्षी वाढणारं भाडं डोक्यावर बसत नाही. तेवढा पैसा वाचतो म्हणून एमआरपीवर काट मारता येते, आणि तीही रोजची, सणासुदीपुरती नव्हे.

जागेचं मी एवढं का उगाळतोय, ते तुला ठाऊक आहे. दादांचं स्टेशनजवळचं दुकान बावीस वर्षं चाललं. गिऱ्हाईक त्यांनी जोडलं, गाळा मात्र दुसऱ्याचा. मालकानं भाडं अडीचपट केलं आणि महिन्याची मुदत दिली. शेवटच्या दिवशी मी फळ्या उतरवत होतो. भिंतीवर बरण्या होत्या तिथं गोल गोल पांढरे डाग उरले होते, बाकी भिंत धुरकट. दादांनी तागडी गोणपाटात गुंडाळली, सुतळी बांधली आणि पुन्हा सोडून नीट बांधली. तीन वेळा. एक शब्द बोलले नाहीत. तुझे तीन भाडेकरार वाचताना मला ती सुतळीच दिसत होती.

दुसरी गोष्ट मालाच्या पैशाची. या धंद्यात कंपन्यांचे पैसे महिना महिना लटकवणारे पुष्कळ. दमानींनी पहिल्यापासून उलटी रीत धरली, माल आला की आठवड्या-दहा दिवसांत पैसे मोकळे. रोकडा लवकर मिळतो म्हटल्यावर पुरवठादार भाव कमी करून देतो, माल कमी पडत नाही, आणि तो भाव गिऱ्हाइकापर्यंत उतरवता येतो. छोट्या दुकानालाही हे लागू पडतं. गेल्या वर्षापासून मी बिस्किटवाल्या डिस्ट्रिब्युटरला जागेवर पैसे द्यायला लागलो. पूर्वी त्याचा सेल्समन बुधवारी संध्याकाळी, गाडीत उरलंसुरलं घेऊन यायचा. आता सकाळी पहिला माझ्याकडे येतो, वही काउंटरवर ठेवतो आणि स्कीम काय आहे ते मी विचारायच्या आत सांगतो.

घाईचं तर विचारूच नकोस. पवईनंतर आठ वर्षांनी, २०१० मध्ये, दुकानं होती पंचवीस. पंचवीसच! वाढले तेही आधी महाराष्ट्र-गुजरातेत, एकमेकांच्या जवळ जवळ, म्हणजे एका गोदामातून आसपासच्या सगळ्या दुकानांना माल पोचतो. हिंदुस्थान युनिलिव्हरमधले नेव्हिल नोरोन्हा २००४ मध्ये आले आणि पुढे रोजचा कारभार त्यांच्या हाती सोपवून दमानी स्वतः मागं राहिले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, मुलाखती नाहीत. शेअर बाजारात मुरलेला हा माणूस स्वतःची कंपनी बाजारात घेऊन आला तो २०१७ च्या मार्चमध्ये, पहिल्या दुकानानंतर पंधरा वर्षांनी. २९९ रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी दुपटीच्या वर गेला. मार्च २०२५ ला दुकानं ४१५ झाली. पेपरात छापून आला तो बंगलाही पहिल्या दुकानानंतर एकोणीस वर्षांनी घेतलेला आहे, विजू.

त्यांच्याकडे बाजारातला पैसा होता, आपल्याकडे नाही, असं तू म्हणशील. खरं आहे. म्हणून तर त्यांच्यापेक्षा आपण जास्त जपून पाऊल टाकायला हवं. ज्याच्याकडे होता त्यानंसुद्धा तीन दुकानं एका दिवशी उघडली नाहीत.

कॉलेज रोडचा आणि इंदिरानगरचा गाळा सोडून दे. टोकन गेलं तर जाऊ दे. पंचवटीतला मालक विकायला तयार आहे असं तूच लिहिलंयस, त्याच्याशी बोल. कर्ज काढायचंच तर त्या एका गाळ्यासाठी काढ, हप्ता जाईल पण भिंती तुझ्या होतील. कमी पडले तर मला सांग. सुमनशी बोललोय, तिनं ठेव मोडायला हो म्हटलंय.

रविवारी पहाटेच्या गाडीनं येतोय. गाळ्याचे कागद, गेल्या वर्षाचं लाइट बिल आणि घरपट्टीची पावती मागून ठेव, आधी ते बघू. मग सोमवारी तू माझ्याबरोबर निघ. वाशीच्या दाणाबंदरात दादांच्या ओळखीचे दोन व्यापारी अजून आहेत, त्यांच्याशी तुझी गाठ घालून देतो. तूरडाळ कशी बघायची ते तुला माहीतच आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू