आमच्या घराचं दप्तर वाचून देणाऱ्या गुरुजींना

आदरणीय गुरुजी,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही मानधन घेतलं नाहीत, प्रवासखर्चाचं पाकीटही परत केलंत. निदान आभार तरी सगळ्यांसमोर मानावेत म्हणून हे पत्र. रत्नागिरी जिल्ह्यात अजून कितीतरी घरांच्या माळ्यावर मोडी लिपीतल्या जुन्या कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, धूळ खात आहेत. ते मायेनं वाचून देणारी माणसं आहेत, हे त्या घरांनाही कळू दे.

कौलं परतताना पेटी खाली उतरवली, तेव्हा कोणी लॅमिनेशन सुचवलं, कोणी चिकटपट्टी घेऊन आलं. तुम्ही फोनवरच थांबवलंत. कागदाला काही चिकटवायचं नाही, उन्हात टाकायचं नाही, धुतलेल्या सुती फडक्यात बांधून ठेवा, मी येतो. तुमच्या त्या सांगण्यामुळेच आज ते कागद शाबूत आहेत.

मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यात कसरीनं खाल्लेल्या ओळी. तरी तुम्ही अंदाजानं एकही अक्षर भरलं नाहीत. जिथे लागलं नाही तिथे वहीत टिंबं देऊन पुढे गेलात. मला त्या टिंबांबद्दल फार आदर वाटतो. ‘सन सबैन मया व अलफ’ एवढ्यावरून साल कसं काढायचं तेही तुम्ही मुलांना समजावलंत: सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे शुहूर सन (मराठी दप्तरांत चालणारी अरबी कालगणना) ११७०, त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६९-७०. थोरल्या माधवराव पेशव्यांची कारकीर्द. आमचं घर इतकं जुनं असेल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

तो कागद कौलनाम्याचा. जमीन ओसाड पडलेली, ती लागवडीला आणायची म्हणून सरकारनं दिलेली सवलत. सुरुवातीला सारा नाममात्र, मग दरवर्षी चढत चढत पूर्ण दरावर. त्यालाच इस्तावा म्हणत. खोतानं, म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदारानं, कुळं आणून वसवायची आणि वसूल भरायचा. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या ऐकलेलं असं की मूळ पुरुषानं रान तोडून गाव वसवलं. कागदात त्याचं नाव वरती एकदा येतं. त्याखाली येते कुळांची लांबलचक यादी, आणि खाडीच्या बांधाचा कुठला तुकडा कोणी घातला त्याची नोंद.

ती यादी नुसती वाचून तुम्ही थांबला नाहीत, आम्हाला बांधावर घेऊन गेलात. खारं पाणी अडवायचं म्हणजे ओहोटीच्या तेवढ्या वेळात दगड आणि चिखल रचायचा, भरती चढली की हात थांबवायचे. अर्धवट राहिलेलं पाण्यानं ओढून नेलं तर पुन्हा तिथून सुरुवात. मग उघाडी, म्हणजे बांधातली पाणी सोडायची वाट, अशी बसवायची की ओहोटीला आतलं पावसाचं पाणी निघून जावं आणि भरतीच्या दाबानं तिचं दार मिटावं. एवढं करूनही लगेच पीक नाही. पावसानं मीठ धुऊन निघायला हवं, तोवर रत्यासारखं खारं सोसणारं तांबडं भात. आमच्या कोठारातली कणगी ज्या शेतानं भरली, ते शेत मुळात समुद्राकडून असं हातानं मागून घेतलेलं आहे. जांभ्याचा चौथरा, माजघर, पडवी हे सगळं त्या बांधाच्या जिवावर उभं राहिलं.

आणि मग तुम्ही म्हणालात, “ही यादी वाडीला बोलावून वाचू.”

त्या संध्याकाळी माणसं आली आणि अंगणातच थांबली. खोताच्या ओटीवर कुळानं चढायचं नाही, ही जुनी रीत अजून पायांत होती. तुम्ही खुर्ची नाकारलीत, ओटीवर सतरंजी घातलीत आणि सगळे वर येऊन बसल्याशिवाय पहिलं नाव वाचलं नाहीत. नावं निघत गेली तशी माणसं आपापली घरं ओळखत गेली. बांधाच्या वळणाला अजून कोणाच्या नावानं ओळखतात, ते एका आजींनी तुम्हाला उलट सांगितलं आणि तुम्ही ते वहीत लिहून घेतलंत.

अर्धेल म्हणजे निम्मं भात खोताला, वर वेठ, हेही तुम्ही आमच्या ओटीवर बसून स्पष्ट सांगितलंत. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधानसभेत मांडलं, जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चानं गेले, आणि खोती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ उजाडलं. आमच्या घरात हा विषय निघाला की आवाज खाली यायचे. तुम्ही कोणाला दुखावलं नाहीत, पण काही झाकलंही नाहीत. माझ्या वडिलांनी शेवटी उठून त्या आजींना नमस्कार केला. त्याबद्दल तुमचे वेगळे आभार.

तुमच्या हस्ताक्षरातली यादी आता चौकट करून ओटीवर लावली आहे. वाडीतल्या प्रत्येक घरी तिची प्रत पोचली. पुतणीनं मोडीचा सराव सुरू केला आहे. तिची पानं सोबत पाठवतो, लाल शाईनं तपासून द्यावीत. दुसरा रुमाल अजून तसाच बांधून ठेवलाय. भातकापणी उरकली की या, आणि या वेळी राहायलाच या. वाडीनं निरोप दिलाय की जेवण त्यांच्याकडे.

लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
खोतांच्या घरचा धाकटा