राग लोकांचा, खर्च कुणाचा? माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

मा. माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

टीव्हीवर ‘जनतेचा आक्रोश’ अशी पट्टी झळकली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, मांडवाचा खर्च कोण करतो आहे? आंदोलकांचा अपमान करावा म्हणून हे विचारत नाही. लोकांचा राग बहुतेक वेळा खराच असतो. महागाई, बेकारी, शेतमालाचे पडलेले भाव ही दुखणी कुठल्याही जाहिरात कंपनीने तयार केलेली नाहीत. पैसेवाल्यांचे कसब वेगळेच. राग तसाच धगधगता ठेवायचा आणि तो कुणावर काढायचा, ते आपण ठरवायचे.

अमेरिकेतली ‘टी पार्टी’, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाविरुद्ध उभी राहिलेली चळवळ, आठवून पाहा. ऑक्टोबर २००८ मध्ये तिथल्या सरकारने बुडत्या बँकांना सावरण्यासाठी ७०० अब्ज डॉलरची तरतूद केली. करदाता भडकला आणि त्याचे काही चुकले नव्हते. १९ फेब्रुवारी २००९ रोजी सीएनबीसी या अर्थविषयक वृत्तवाहिनीचे रिक सँटेली यांनी शिकागोच्या सौदेबाजारातून थेट प्रक्षेपणात तोफ डागली, पण तिच्या तोंडी दिला घराचे हप्ते थकलेला शेजारी. त्याचे कर्ज तुम्ही का फेडायचे, हा त्यांचा सवाल. भोवती टाळ्या पिटणारे कोण, तर बाजारातले दलाल! दोन महिन्यांच्या आत, १५ एप्रिलला, फॉक्स न्यूजचे नामवंत सूत्रसंचालक आंदोलनाच्या सभांमधूनच आपापले कार्यक्रम सादर करत होते. कोक बंधू या अब्जाधीश उद्योगपतींच्या पैशावर उभी राहिलेली ‘अमेरिकन्स फॉर प्रॉस्पेरिटी’ ही संस्था सभा भरवायला हातभार लावत होती. पुढे अभ्यासक स्थानिक कार्यकर्त्यांशी जाऊन बोलले. त्यांतल्या बहुतेकांना आपली सरकारी पेन्शन आणि म्हातारपणचा सरकारी आरोग्य विमा हवाच होता. त्यांच्या नावाने बोलणाऱ्या धनवंत संस्थांना मात्र नेमक्या याच योजनांना कात्री लावायची होती.

ही लांबची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये ट्राय या आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने इंटरनेट डेटाच्या वेगवेगळ्या दरांबाबत चार प्रश्न विचारून लोकांची मते मागवली. ठरावीक वेबसाइटच मोफत दाखवणारी आपली ‘फ्री बेसिक्स’ योजना फेसबुकला वाचवायची होती. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या, होर्डिंग लागली, मार्क झुकरबर्ग यांच्या लेखात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा दाखलाही आला. फेसबुकवर एक बटण दाबले की आपल्या नावाने तयार मजकूर ट्रायकडे रवाना. लाखो पत्रे गेली, पण विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरे त्या मजकुरात नव्हती. विरोधी बाजूनेही तयार मसुद्याचे ईमेल धाडले होते, हे कबूल. ती मोहीम मात्र स्वयंसेवकांची होती आणि तिच्या मसुद्यात निदान प्रश्नांची उत्तरे होती. सल्लामसलतीचे रूपांतर तुम्ही घडवून आणलेल्या कौलात करता आहात, असे ट्रायने फेसबुकला जानेवारी २०१६ मध्ये सुनावले आणि ८ फेब्रुवारीला असे भेदभावाचे दर बंद केले. त्या वेळी अधिकारी ठाम राहिले, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

तिथे निदान समोर कोण आहे ते दिसत होते. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात तेही दिसले नाही. एन्टर्जी या वीज कंपनीच्या नव्या प्रकल्पाला पाठिंबा द्यायला २०१७ मध्ये नगर परिषदेच्या सुनावणीत नारिंगी टी-शर्ट घातलेले ‘नागरिक’ येऊन बसले. त्यांत भाड्याने आणलेले नट होते. नुसते बसायचे ६० डॉलर, बोलायचे २००. बिंग फुटल्यावर कंपनी म्हणाली, आम्हाला कल्पनाच नव्हती, कंत्राटदाराच्या कंत्राटदाराने हे केले. परिषदेने ५० लाख डॉलरचा दंड ठोकला. सभेला ट्रक भरून माणसे आणणे पिढ्यान्पिढ्या पाहिलेल्या आपल्या देशात असा दंड कुणाला झाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता आपल्या मंत्रालयाकडे वळतो. वाहिन्या राजकीय पक्ष, धार्मिक संस्था आणि सरकारी यंत्रणांच्या हाती नसाव्यात, माध्यमांतल्या बड्या उद्योगांच्या मालकीवर बंधने असावीत आणि स्वतंत्र नियामक असावा, अशा शिफारशी ट्रायने १२ ऑगस्ट २०१४ रोजी केल्या. त्यांचा कायदा झाला नाही. एप्रिल २०२२ मध्ये त्याच ट्रायने त्याच विषयावर पुन्हा चर्चापत्रिका काढली. म्हणजे आठ वर्षांनी गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनात!

पारदर्शकतेच्या नावाखाली उद्या सरकारच आंदोलकांच्या मागे चौकशीचा ससेमिरा लावेल, ही भीती मला आहे आणि ती निराधार नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला सुमारे १८० किलोमीटर चालत आलेले शेतकरी राष्ट्रीय वाहिन्यांना दिसायला कितीतरी दिवस लागले. दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून त्यांनी शेवटचा टप्पा रात्रीतून चालून काढला. मुंबईकरांनी त्यांना खायला दिले, चपला दिल्या. त्या चपलांचा हिशेब मागणारा कायदा मला नको. कायद्याचा रोख मोठ्या रकमांवर, कंपन्यांवर आणि वाहिन्यांवर हवा.

मालकाचे हितसंबंध गुंतलेल्या विषयावर वाहिनी ‘जनमत’ दाखवत असेल, तर तसे पडद्यावर लिहिणे सक्तीचे करा. सरकारी मसुद्यांवर हरकती आणि सूचना मागवताना संघटित मोहिमांना खर्च कुणी केला ते जाहीर करायला लावा. निवडणूक रोख्यांच्या निकालात १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पक्षांना पैसा कोण देतो हे जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला आहे. तोच न्याय इथेही लावा. आणि २०१४ च्या शिफारशी नाकारल्या असतील तर कोणत्या, कोणत्या कारणाने आणि कुणाच्या सहीने, ते मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाका.

कळावे,
आपला,
एक प्रेक्षक आणि मतदार