आई-बाबा, आधी ‘गोदावरी’ बघा

पंचवटी, नाशिक

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, परवा फोनवर ‘जुनं फर्निचर’ बघितल्याचं सांगता सांगता तू मधेच विचारलंस, “आमचं ओझं तर होत नाही ना गं तुम्हा भावंडांना?” तेव्हा ‘काहीतरीच काय’ म्हणून मी विषय बदलला, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. ओझं नाही, आई. कधीच नव्हतं. दादाकडे बंगळुरात तुम्ही आहात म्हणून त्याचं घर संध्याकाळी घरासारखं वाटतं, असं तो स्वतः मला म्हणाला. आणि ज्या सिनेमाने तुझ्या मनात हा प्रश्न घातला, त्याच्याविषयी मला जरा सविस्तर बोलायचंय.

मला तो पटला नाही. महेश मांजरेकरांनी काम जीव ओतून केलंय. थिएटरमध्ये माझ्या शेजारच्या काकू अक्षरशः हुंदके देत होत्या आणि त्यांचं रडणं खरं होतं. पण बापाने मुलावर दावा ठोकावा ही गोष्ट उभी राहायची म्हणून मुलगा इतका कोरडा केलाय की कोर्टाचा निकाल आपल्या मनात फार आधीच लागून जातो. बहुतेक घरांत असं नसतं. माया असते, वेळ नसतो, फोन राहून जातो, मग दोन्हीकडे मनात काहीतरी साचत जातं. ते दाखवणं अवघड आहे आणि तेच दाखवायला हवं होतं. वाढवल्याची भरपाई पैशात मागायची, ही कल्पना टाळ्या घेते. बघून घरी गेल्यावर मात्र आईबाप मुलांकडे संशयाने बघतात आणि मुलं मान खाली घालतात. तुझं तेच झालं.

म्हणून आता मी सांगते ते बघा. पहिला ‘गोदावरी’.

बाबा, हा खास तुमच्यासाठी. दर पावसाळ्यात तुम्ही मला विचारता, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलंय? गंगापूर धरणातून किती विसर्ग सोडला याचा आकडा बातम्यांत येतो, पण आपल्याला तो मारुतीच लागतो. निखिल महाजनच्या या सिनेमात आपली गंगा, म्हणजे गोदावरी, तशी दिसते, रोज तिच्या काठावर राहणाऱ्याला दिसावी तशी. जितेंद्र जोशीचा निशिकांत घरच्या भाडेकरूंकडून भाडं गोळा करत फिरतो, बायको-मुलीपासून वेगळा राहतो, नदीवर, गावावर, घरच्यांवर चिडलेला असतो. मग त्याला स्वतःच्या आजाराचं कळतं. पुढचं सांगत नाही. पहिल्या भागात त्याची चिडचिड जरा एकाच सुरात चालते आणि मधे सिनेमा रेंगाळतो, तेवढं सोसा. त्या घरातली माणसं एकमेकांशी धड बोलत नाहीत, तरी कोणी कोणाला सोडत नाही, आणि याचा गाजावाजाही कोणी करत नाही. नीना कुळकर्णी आणि संजय मोने आई-वडील आहेत. दोघांनी कुठेही प्रेक्षकाकडे डोळ्यांतल्या पाण्याची याचना केलेली नाही. दिग्दर्शक निशिकांत कामत २०२० मध्ये गेले, त्या दुःखातून हा सिनेमा निघाला आणि नायकाला त्यांचंच नाव दिलं. हे कळल्यावर मी तो पुन्हा बघितला.

त्यात आजोबा झालेत विक्रम गोखले. सिनेमा लागला ११ नोव्हेंबर २०२२ ला आणि ते गेले २६ नोव्हेंबरला. आता हे ऐका, बाबा. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर फाळके मुंबईहून नाशिकला आले आणि इथे त्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ केला, १९१३ साली. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची लहान मुलगी कमलाबाई, दोघी होत्या. बायकांनी पडद्यावर काम करायचं नाही असा तो काळ. या दुर्गाबाई म्हणजे विक्रम गोखल्यांच्या पणजी आणि कमलाबाई आजी. ज्या गावात त्या मायलेकी कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या, त्याच गावाच्या नदीकाठी शंभराहून जास्त वर्षांनी त्यांचा वारस आजोबा होऊन आला. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात लहानपणी आपण कितीदा गेलो, पण हे तिथे मला कोणी सांगितलं नव्हतं. बघायला बसाल तेव्हा दादाच्या पोरांना तुम्ही सांगा.

दुसरा ‘थ्री ऑफ अस’. नेटफ्लिक्सवर आहे, हिंदी आहे. आई, हल्ली नावं आठवत नाहीत म्हणून तू घाबरतेस, म्हणून आधी वाटलं की तुला सांगू नये. मग वाटलं, तुलाच सांगावं. शैलजाला विस्मरणाचा आजार सुरू झालाय, तेवढ्यात ती नवऱ्याला घेऊन वेंगुर्ल्याला जाते, लहानपणी काही वर्षं राहिली तिथे. शेफाली शाहने ती इतकी शांतपणे केलीय की आजाराची भीती वाटत नाही, त्या बाईविषयी कुतूहल वाटतं. लहानपणचा मित्र भेटतो, जयदीप अहलावत, तो बँकेत आहे आणि भरतकाम करतो. एवढा धिप्पाड माणूस सुई-दोरा घेऊन बसलेला बघायला मला फार आवडलं. बाबा, तुम्ही मात्र नवऱ्याकडे लक्ष द्या. स्वानंद किरकिरेंनी केलाय. बायकोच्या आयुष्यात आपल्या आधीही काही होतं हे त्याला पचायला जड जातं, तरी तो तिच्याबरोबर राहतो. त्याला वाईट ठरवण्याचा सोपा रस्ता अविनाश अरुणने घेतला नाही. ‘किल्ला’ही त्याचाच, आणि कोकणावर त्याचं प्रेम दोन्हींत दिसतं.

छाया कदमबद्दल थोडंच लिहिते. ‘लापता लेडीज’मधली स्टेशनवर चहाचा स्टॉल चालवणारी मंजू माई तुम्हा दोघांना आवडली होती. तीच ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’मध्ये पार्वती आहे, मुंबईच्या हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी. नवरा गेलेला, बिल्डर घर खाली करायला सांगतो आणि हिच्याकडे ते घर आपलं असल्याचा एकही कागद नाही. शेवटी ती रत्नागिरीकडच्या गावी परतते. या सिनेमाला २०२४ मध्ये कानला ग्राँ प्री मिळालं, पण मला भिडला तो तो कागदांचा प्रसंग. बाबा, इथल्या फ्लॅटच्या खरेदीखतावर तुम्ही आईचं नाव आवर्जून घातलंत, त्याची किंमत मला तेव्हा कळली. सिनेमा संथ आहे, संवाद बरेचसे मल्याळममध्ये आहेत. सबटायटल मोठी करून द्यायला दादाला सांगा, नाहीतर बाबा अर्ध्यात उठून जातील.

‘पंचायत’ या वेब सिरीजवरून आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. बाबा, तुम्हाला चौथा सीझन सगळ्यात आवडला कारण त्यात निवडणूक आहे. मला त्यात निवडणुकीखाली माणसं दबल्यासारखी वाटली. माझ्यासाठी तिसरा. सरकारी योजनेतलं घर मंजूर व्हावं म्हणून नातवाने हाकललं असं खोटं सांगणारी ती अम्मा आठवते? त्या खोट्यातही ती नातवाचाच संसार बघत असते. ‘जुनं फर्निचर’च्या अख्ख्या खटल्यात मला जे सापडलं नाही, ते या म्हातारीत आहे. आणि सैन्यातला मुलगा गेल्यावरचा प्रल्हाद. सरकारकडून आलेल्या पैशाला हात न लावणारा. फैजल मलिकने तो केला नाही, तो झालाय.

तर आई, आधी ‘गोदावरी’, मग आठवडाभर थांबून ‘थ्री ऑफ अस’. दोन्ही एकाच दिवशी लावू नका. बाबांच्या कानाचं यंत्र चार्ज करून ठेव, ‘गोदावरी’त बरंच बोलणं हळू आवाजात आहे. बघून झालं की दोघांनी वेगवेगळं लिहून पाठवा. बाबा फोन हातात घेऊन दोघांचं मत एकटेच सांगून टाकतात, तसं नको. मला तुझंही हवंय.

तुमची,
मनू